वरून धरलेल्या दोराचं म्हणणं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. सगळ्यांना बोलावून, माइक हातात घेऊन, घसा साफ करून बोललात, "दोर जुना होता." तेवढ्यावर तुम्ही सुटलात आणि मी अडकलो. समोरच्यांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "दोराचा काय भरवसा!" मग चहा आला आणि विषय संपला.

माझा संपलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, हे खरं आहे. जुना असण्याची मला लाज वाटत नाही. दोर जुना होतो तो माणसं पेलून होतो, कपाटात बसून नाही. साहेबांना मी जुना झालोय हे दिसलं ते मात्र एक पोरगी पडल्यावर. त्याआधी कधी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोटात पांढऱ्या धाग्यांचे पीळ, त्यावर विणलेलं निळं कातडं, असा मी. विणून झाल्यावर एक बाई प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत आपल्या मुठीतून सरकवायची. कुठे गाठ आहे का, कुठे पोकळ लागतंय का, ते ती बोटांनी ओळखायची. मला गुंडाळून खोक्यात ठेवताना ती म्हणाली, "जा बाबा. कुणाचं तरी माणूस नीट सांभाळ." तिनं ते सवयीनं म्हटलं असेल, प्रत्येक दोराला म्हणत असेल. मी मात्र ते मनावर घेतलं.

तिथून मी एका प्रस्तरारोहणाच्या शाळेत आलो. शाळा कसली, जुनं गोदाम ते. आत लाकडी फळ्यांची उंच भिंत, तिला हातापायांसाठी रंगीत खुंट्या ठोकलेल्या, खाली जाड गाद्या. हाताला फासायच्या पांढऱ्या पावडरीनं हवा कायम भरलेली, आणि गाद्यांना घामाचा असा वास, की नवा माणूस दारातच नाक धरायचा.

माझं काम सोपं होतं. माझं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेलं. तिथून मी वर जायचो, भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून वळून खाली यायचो, तो खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात. याला बिले देणं म्हणतात. चढणारा वर सरकला की खालच्यानं मला तेवढंच खेचून घ्यायचं. चढणाऱ्याचा हात सुटला की घट्ट धरायचं.

आता नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. खालच्यानं मला सैल धरलं, तर माणूस स्वतःच्या हातापायांवर चढतो. ताठ धरलं, तर थोडं वजन मी उचलतो. ओढून धरलं, तर मी पार अर्धं माणूस उचलतो. बघणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं. मला कळतं, आणि ज्याच्या मुठीत मी असतो त्याला कळतं. बाकी कुणाला नाही. कित्येकदा चढणाऱ्यालाही नाही.

सुरुवातीला तिथे एक म्हातारा शिक्षक होता. सगळे त्याला काका म्हणत. तिरसट माणूस. चाचणी घ्यायची तर मला स्वतः धरायचा, घरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही. मला इतका सैल सोडायचा, की माझं पोट लोंबायचं. आणि चढण्याआधी विचारायचा, "तुझी पायरी कुठली? तूच सांग."

एकदा एक भरदार दंडाचा गडी आला. म्हणाला, "काका, सगळ्यात वरची."

"वा! चढ मग."

गडी अर्ध्यात लटकला आणि धापा टाकायला लागला. काका खालून ओरडले, "अरे, हात छान आणलेस. पाय घरी विसरलास का?" गोदाम हसलं. गडीही हसला. खाली आल्यावर काकांनी त्याला विचारलं, "कुठे भ्यालास?" त्यानं जागा दाखवली. काका म्हणाले, "कुठे भ्यालो ते ज्याला सांगता येतं, त्याची एक पायरी झाली. बाकीच्या आता चढू."

पण काकांकडे पायरी मिळायला फार वेळ लागायचा. लोक कंटाळायचे, सोडून जायचे. काकांचे गुडघे गेले आणि मग ते स्वतःच गेले, आपल्या लेकीकडे राहायला. गोदाम रिकामं पडायला लागलं होतं, हे मी कबूल करतो. तेव्हा, साहेब, तुम्ही आलात.

भिंतीला रंग आला. दिवे आले. भिंतीच्या माथ्यावर पितळी घंटा आली. तुमची चाचणी एका वाक्यात मावत होती: वर पोचा, घंटा वाजवा, पट्टी घ्या. सोप्या वाटेला पांढरी पट्टी, मधल्या वाटेला हिरवी, अवघड वाटेला लाल. लाल पट्टीवाल्याला खऱ्या कड्यावर सगळ्यांच्या पुढे, पहिलं चढायची मुभा. दोर कुणीही धरावा. आईनं धरावा, मित्रानं धरावा. तुम्ही म्हणालात, घरचं माणूस खाली असलं की धीर येतो. घंटा वाजली की टाळ्या, फोटो. गोदाम भरून गेलं.

त्या गर्दीत एक बहीण-भाऊ आले.

ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दुकानातल्या वरच्या फळीवरचं खोकं काढायला शिडी न घेता कपाटावरच चढायची, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. भाऊ शिंपी. तिचा दादा. त्याच्या गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली असायची आणि तो तसाच मला धरायला उभा राहायचा. संध्याकाळी दुकानं बंद झाली की दोघं यायची.

खारू चांगली होती. मी तिला ओळखतो, मी तिच्या कमरेला होतो. पाय हलके, डोकं थंड. पण हातात अजून दम भरला नव्हता. काकांनी तिला मधल्या पायरीवरच ठेवलं असतं, आणखी एक सबंध हंगाम. ती रुसली असती आणि तयार झाली असती.

अवघड वाटेच्या वरच्या भागात भिंत पुढे झुकते. तिथे खारूचे हात भरून यायचे. ती ओरडायची, "दादा, ताण!" दादा मला ताठ करायचा. ती मागे रेलून माझ्यावर बसायची, हात झटकायची, परत चढायची. हळूहळू तिला ओरडावंही लागेना. तिची बोटं थरथरली की दादाची मूठ आपोआप खाली यायची.

"आज कमी वेळा बसले ना रे?" ती खाली येऊन विचारायची.

"कमी? आज तर उडतच गेलीस!"

"खोटारडा."

"शपथ! मी नुसता उभा होतो."

मित्रांनो, तो नुसता उभा नव्हता. माया माणसाच्या मुठीत उतरते, आणि मूठ माझ्यावर असते. चाचणीच्या दिवशी तिचं निम्मं वजन मी उचलत होतो. साहेब, तुम्ही खाली उभे राहून घंटेकडे बघत होता. घंटा वाजली. तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं टाळी वाजवली आणि लाल पट्टी तिच्या मनगटाला स्वतः बांधलीत.

मग आम्ही कड्यावर गेलो.

कड्यावर माथ्याला आधीपासून कुणी दोर लावलेला नसतो. जो पहिला चढतो, तो मला कमरेला बांधून खालून वर नेतो. वाटेत कातळात कड्या ठोकलेल्या असतात, त्यांत मला अडकवत जातो. म्हणजे मी त्याच्या वर नसतो. मी त्याच्या पायाखाली असतो. तो शेवटच्या कडीच्या जितका वर गेला असेल, तितकाच तो त्या कडीच्या खाली पडणार, मग मी त्याला धरणार. हे शिकायला वेळ लागतो. पडायलाही शिकावं लागतं. तुमच्या लाल पट्टीत ते नव्हतं.

खारू छान चढली. शेवटच्या कडीच्या बरीच वर गेली. तिथे कातळ थोडा पुढे आला होता. तिचे हात भरून आले. आणि तिनं तेच केलं, जे त्या भिंतीवर तिला पाठ झालं होतं. ती ओरडली, "दादा, ताण!" आणि मागे रेलली.

खाली दादानंही तेच केलं, जे त्याला पाठ झालं होतं. त्यानं मला खाली ओढलं.

पण या वेळी मी तिच्या वर नव्हतो. त्याच्या ओढण्यानं ती खालीच खेचली गेली. रेलायला मागे काहीच नव्हतं.

मी तिला धरलं. हे कुठेही, कुणाहीसमोर सांगेन. मी पुरता ताणला गेलो, माझं कातडं कडीवर सोलवटलं, पण मी धरलं. फक्त माझ्या धरण्याआधी कातळाचा एक कंगोरा तिच्या कमरेला लागला होता. ती माझ्यावर लोंबत राहिली आणि काही बोलली नाही. खालून दादा मात्र तिला हाका मारत होता. तसला आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

ती जगली. आता ती कुबडी घेऊन चालते. औषधांच्या दुकानात तिच्यासाठी स्टूल ठेवलंय. चढणं संपलं.

आणि तुम्ही म्हणालात, "दोर जुना होता." मला कचऱ्यात टाकायचा हुकूम सोडलात. दादानं मला कचऱ्यातून उचलून घरी नेलं.

त्यांची आई दारात आडवी आली. "ती अवदसा घरात आणू नकोस हं! माझी पोर मोडली तिनं. आता काय, दाराला टांगायची?"

आतून खारूची हाक आली. "आण रे इकडे. मला बघायचाय."

तिनं मला मांडीवर घेतलं आणि बोटांमधून सरकवायला लागली. हळूहळू, वीतभर वीतभर. तुटलेली जागा शोधत होती बिचारी. एका ठिकाणी थांबली. "हे काय?"

"तिथे कडी होती. वरचं विणकाम घासलंय. आत काही नाही झालेलं."

ती पुढे सरकली. शेवटी माझं दुसरं टोक तिच्या हातात आलं. ते धरून ती नुसती बसली.

"हा कुठेच तुटलेला नाही, दादा."

"नाही."

"मग मी पडले कशी?"

दादानं गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"खारू, चाचणीला मी तुला ओढत होतो."

"म्हणजे? ताठ धरला होतास?"

"ओढत होतो. तू थकलीस की ओढायचो. सगळेच ओढतात गं. मला बघवायचं नाही."

"किती ओढलंस?"

"अर्धी तू, अर्धा मी."

तिनं आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. तिथले घट्टे अजून गेले नव्हते. "आणि मला वाटलं, माझे हात तयार झाले." मग जरा हसल्यासारखं केलं. "शिंपी तो शिंपीच. टाका कुठे ओढलास ते कुणाला दिसलंसुद्धा नाही." आणि मला तोंडावर दाबून रडली. मी आयुष्यात पुष्कळ घाम प्यायलोय, मित्रांनो. रडणं पहिल्यांदा प्यायलो.

रडून झाल्यावर म्हणाली, "साहेबांकडे जा. उद्या त्या भिंतीखाली आणखी कुणाचा तरी दादा उभा असेल."

दादा मला पिशवीत घालून तुमच्याकडे आला, साहेब. तुम्ही त्याला खुर्ची दिलीत.

"तुमचं दुःख मी समजू शकतो," तुम्ही म्हणालात.

"दुःख राहू द्या. चाचणी समजून घ्या. दोर ढिला ठेवा. खाली घरचं माणूस नको. आणि लाल पट्टीआधी खालून दोर लावून पडायला शिकवा."

"अहो, ढिला ठेवला तर निम्मे लोक घंटेपर्यंत पोचणार नाहीत."

"तेच सांगतोय."

"मग इथे येईल कोण?"

 मग तुम्ही पुढे झुकलात आणि आवाज खाली आणलात. "हे बघा, त्या दिवशी दोरावर हात तुमचा होता. सांगू का सगळ्यांना? मी दोर जुना म्हणालो, त्यात तुमचंच भलं पाहिलं."

मला वाटलं, संपलं. आता हा सगळा दोष माझ्यावरच ठेवून निघणार.  पण दादा उठून उभा राहिला.

"सांगा. माझं नाव घेऊन सांगा. मी ओढलं म्हणून सांगा, मी मान खाली घालून ऐकेन. पण का ओढलं, कुणी ओढू दिलं, तेही सांगा. दोराचं नाव घेऊन झाकू नका."

तुम्ही घड्याळ पाहिलंत.

मित्रांनो, तुमच्याशी दोनच गोष्टी बोलतो. तुमच्या कमरेला दोर बांधला जाईल तेव्हा खालच्याला सांगा, ढील दे. हात सुटले तर सुटू द्या, खाली गादी आहे, आणि लोक हसले तर हसू द्या. आणि ज्याच्यावर जीव लावता त्याला वर जाताना ओढू नका. त्याला त्याचं वजन कळू द्या.

आता तुमच्याशी, साहेब. दादा बाहेर पडला तेव्हा भिंतीपाशी चाचणी चालू होती. नवा कोरा दोर, लालभडक. एक मुलगी घंटेच्या जवळ पोचली होती. खाली तिचे वडील होते. ते दोर धरून जवळजवळ खाली बसले होते, मान लाल झाली होती, हाताच्या शिरा फुगल्या होत्या. घंटा वाजली. टाळ्या पडल्या. तुम्ही काचेच्या खोलीतून हसत बाहेर आलात, हातात लाल पट्टी.

ती मुलगी येत्या रविवारी कड्यावर जाईल. तिचा दोर नवा आहे. ती पडली, तर या वेळी काय जुनं होतं म्हणून सांगणार आहात? पट्टी बांधायच्या आधी बोला. सगळे ऐकताहेत, तिचे वडीलही ऐकताहेत. काय सांगणार आहात, साहेब?