शिवलेले खिसे

ताईचा कोट बाटलीच्या काचेसारखा हिरवा होता, आणि त्याच्या दोन खिशांत अख्खी बालवाडी मावायची. नाकं पुसायचे रुमाल, मोडके खडू, कुणाचा हरवलेला मोजा, कुणाचा नुकताच पडलेला दात. घराच्या पुढच्या खोलीत ती पोरं सांभाळायची. खोली गार, म्हणून कोटाची बटणं गळ्यापर्यंत. पोरं केस ओढायची, म्हणून अंबाडा घट्ट. एवढंच त्याचं गुपित.

तिची धाकटी बहीण सिनेमात कपडेपट सांभाळायची. दिग्दर्शकाने तिला बजावलं होतं, "सावत्र आई दारात उभी राहिली की थेटर गार पडलं पाहिजे. तोंड उघडायच्या आधी." धाकटीने ढीगभर कपडे उपसले, काही मनाला येईना. मग ताईकडे गेली तेव्हा खुंटीवर कोट दिसला.

"ताई, चार दिवस देशील?"

"आठ घे की! पण आधी धुऊन टाक बाई. बाहीवरचा शेंबूड पाहिला तर तुझी नटी पळून जाईल."

शिंप्याने खांद्यांत भर घातली, कॉलर ताठ केली. खिशांचं काय, त्याने विचारलं. धाकटी क्षणभरही थांबली नाही. "शिवून टाका. खिशात हात घालणारी बाई मायाळू दिसते."

कॅमेरा जमिनीलगत लागला, पोराच्या नजरेच्या उंचीवर. तिथून कोट वर वर जात राहायचा, संपायचाच नाही. ताईची पोरंही कोट त्याच उंचीवरून बघत आली होती. पण तिथून त्यांना खिसे दिसायचे.

सिनेमा लागला तेव्हा ताईने एकेका आईला वाटेत अडवून सांगितलं, "पोरांना घेऊन या हं! माझाच कोट आहे त्यात!"

पडद्यावर दार उघडलं, कोट आत आला आणि थेटर खरोखरच गार पडलं. ताईच्या शेजारी बसलेल्या पोराने पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

पुढच्या आठवड्यात एकेक पोर येईनासं झालं, खोलीतली चटई उघडी पडू लागली.

"तसं काही नाही हो, बाई," एक आई दारातूनच म्हणाली. "झोपेत दचकतो, एवढंच. तुम्ही फार रागवता का हो?"

"इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर आहे की मी."

"ते खरंच हो..." म्हणताना आईची नजर अंबाड्यावर गेली.

धाकटीकडून परत आलेला कोट ताईने काढून ठेवला तरी कोट जाईना. अंबाड्यात तो दिसे, चपलांच्या टकटकीत ऐकू येई.

ताई धाकटीकडे गेली. तिथे टेबलावर फुलांचे गुच्छ होते.

"तुझ्या सिनेमातली चांगली बाई काय घालते गं?"

धाकटी हसली, मग ताईचा चेहरा बघून थांबली. "लोकांना अक्कल नाही, ताई. विसरतील चार महिन्यांत."

"तोवर माझी खोली रिकामी होईल. तू आणलीस ना ती बाई? आता तूच घालव."

"मी? कोट माझा, कोट माझा म्हणून गावभर कोण सांगत सुटलं होतं?"

"मीच," ताई म्हणाली. "मला वाटलं, तू त्याचं काहीतरी चांगलं केलं असशील."

धाकटी उठली. फिकट निळा झगा, सैल बाह्या, मऊ बूट. अंबाडा सोडून केस खांद्यांवर पसरले. हात सराईत होते, काम चोख झालं. आरशातली बाई गोड दिसत होती. ताईने तिला ओळख दाखवली नाही.

पोरं परतली. "किती छान दिसता, बाई!" आया म्हणू लागल्या. "स्वभावच बदलला की तुमचा!" ताई मान डोलवी.

एका दुपारी सगळ्यांत लहान पोरगी, जी पूर्वी कोट अंगाखाली घेतल्याशिवाय निजायची नाही, ताईच्या मांडीवर चढली आणि मोकळे केस ओढू लागली. पोरीचं नाक वाहत होतं. ताईचा हात सवयीने कमरेशी गेला. या झग्याला खिसेच नव्हते. तिने निळ्या बाहीने नाक पुसलं.

"ती हिरवी बाई गेली?" पोरीने कानात विचारलं.

"गेली."

"परत नाही ना येणार?"

ताईने केस सोडवून घेतले नाहीत. "नाही येणार," ती म्हणाली, आणि पोरगी निर्धास्त निजली.