घंटेशेजारची मी

मी एक चकती आहे. पांढरी, बिस्किटाएवढी. मला तोंड नाही, तरी बोलते ती मीच. मोबाइल घेऊन कुणी जवळ आलं, की मी त्या मोबाइलला हवेतूनच खुणावते आणि तो माझं म्हणणं मोठ्याने वाचतो. ज्याला दिसत नाही त्याने हात लावायला नको, बटण चाचपायला नको.

टास्मानियातल्या या मच्छीमारांच्या संग्रहालयात मला बुडालेल्या एका बोटीच्या घंटेशेजारी चिकटवलं. उद्घाटनाला टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पुढे डोळस मंडळी माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. गेल्या हिवाळ्यात भिंती रंगवताना क्लिफर्डने आम्हा सगळ्या चकत्या उपटल्या आणि रंग वाळल्यावर दिसेल तिथे डकवल्या. क्लिफर्ड इथला सेवेकरी. मनाने चांगला, पण कामात नुसती घाई.

मग आली नेरिडा पास्को. तिला दिसत नाही. तिचा बाप त्या बोटीवर स्वयंपाकी होता, बोटीबरोबरच गेला. आजवर जो तो तिला हाताला धरून घंटेपाशी न्यायचा आणि गळा काढून सगळं सांगायचा. या वेळी तिला एकटीने जायचं होतं.

मोबाइल म्हणाला, "तुमच्यासमोर बोटीची घंटा आहे." तिने हात पुढे केला आणि हात वाळवायचं यंत्र घोंघावायला लागलं. मी स्वच्छतागृहात होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"क्लिफर्ड! माझ्या बापाची घंटा संडासात टांगलीस होय रे?"

क्लिफर्ड धावत आला. "सोड गं ते खूळ. चल, मी नेतो. तसंही संग्रहालयाची समिती या चकत्या काढायचं म्हणतेय. कुणी वापरत नाही."

"वापरतील कसे? दाराची पाटी खिडकीला लावलीस तर तूही तोंडावर आपटशील. नीट लाव. आत्ता."

"अगं, जेवायची वेळ झाली."

"जेवून ये. मी हलत नाही."

बिचारा जेवला नाही. त्याने मला खरवडून काढलं, घंटेपाशी लावलं. ती दारापासून चालत यायची, चुकायची, "अजून खाली घे" म्हणायची, परत जायची. कुणी मदतीला धावलं की म्हणायची, "आभारी आहे, पण वाट सोडा." दुपार टळली.

शेवटी ती थेट आली आणि घंटेसमोर थांबली. मी बुडालेल्यांची नावं सांगितली. "आल्फ्रेड पास्को, स्वयंपाकी." ती मागे गेली आणि पुन्हा ऐकायला आली. क्लिफर्डचे डोळे वाहत होते, पण तो जागचा हलला नाही.

माझी बॅटरी आता संपत आलीय. चकत्या ठेवायच्या की काढायच्या, समितीचं अजून ठरत नाही. मला खुशाल फेका, पण इथे दुसरी लावा. बापाचं नाव ऐकायला लेकीला कुणाची मनधरणी करावी लागू नये.