चौथ्या सडाचं दूध

मित्रांनो, हुकाला गंज चढलेला, दूध जोखणारा जुना ताणकाटा तुमच्याशी बोलतो आहे. गोठ्यागोठ्यांतलं दूध नोंदणाऱ्या भगीरथदादांच्या मोटारसायकलला लटकून मी बारा वर्षं मुरबाडचे गोठे फिरलो. महिन्यातून एकदा माझ्या हुकाला बादली लागायची आणि म्हशीची मालकीण श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघायची. मी फार फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग दादांच्या शहापूरच्या कार्यालयात संगणकावर एक नवा प्रोग्राम आला, आणि माझे बारा वर्षांचे आकडे त्याला शिकायला दिले. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. मी पान्यांच्या पिशवीत, मला कुंकवाचं बोटसुद्धा नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

तो चालवणारी अक्षदाताई त्याचं कौतुक सांगताना थकत नसे. जनावराच्या अंगात आई-बापांकडून आलेल्या अक्षरांच्या ओळी असतात म्हणे. त्यातली काही अक्षरं एकमेकांना सोडत नाहीत, झुंडीनंच आईकडून लेकीकडे जातात. त्या झुंडीला हॅप्लोटाइप म्हणतात. हा पठ्ठ्या एकेक अक्षर न बघता अख्ख्या झुंडीनं दूध किती वाढतं, किती घटतं ते सांगतो. त्यासाठी पारडीच्या शेपटीचे चार केस पुरतात. तिची धार काढायलाही थांबत नाही! आणि मी? बादली लागल्याशिवाय मला काही कळत नाही.

धसईजवळच्या शालनच्या गोठ्यात चिमी नावाची पारडी होती. प्रोग्राम दुधाच्या अंदाजानं पारड्यांची जी यादी लावतो, तीत ती खाली आली तर विकून टाकू, असं तिचा नवरा सोमा बोलून बसला होता. शालननं तिला लेकीसारखी वाढवलेली. यादी आली. चिमी सगळ्यांत खाली. तिच्या आजीपासून चालत आलेली एक झुंड दूध घटवते, असं त्या शहाण्यानं ठरवलं होतं. ती झुंड साऱ्या तालुक्यात फक्त शालनच्याच गोठ्यात होती.

भगीरथदादांनी जड मनानं यादी वाचली. शालननं म्हशीच्या कासेकडे बोट दाखवलं.

"दादा, एक सड आमी पिळतच नाय. तो रेडकाचा. सासूबाईंनी नेम घालून दिलाय."

"बारा वर्षां? मंग सांगितलास का नाय गो?"

"तुमी इचारलात कदी?"

 पुढचे चार दिवस दादांनी चौथ्या सडाचं दूध वेगळं जोखलं आणि जोखून झाल्यावर रेडकालाच पाजलं. अक्षदाताईनं शालनच्या सगळ्या जुन्या नोंदी तीन सडांच्या म्हणून दुरुस्त केल्या. प्रोग्रामनं यादी पुन्हा लावली तेव्हा चिमी सातवी आली. सोमानं विकायचा विचार सोडून आपण होऊन तिला नवं दावं बांधलं.

जो तो प्रोग्रामची वाहवा करू लागला. मला मात्र त्याच्या फजितीवर पोटभर हसायचं होतं, पण हसू येईना. त्या झुंडीत काही खोट नव्हती. त्यानं फक्त माझे आकडे खरे मानले होते. मी तीन सडांचं वजन सांगितलं, आणि त्याला ते चारांचं वाटलं. ती झुंड फक्त शालनच्याच गोठ्यात, म्हणून दुधातली तूट त्यानं तिच्याच माथी मारली.

म्हणून मित्रांनो, काहीही जोखाल तेव्हा मागे काय ठेवलंत तेही लिहा, आणि गोठ्यातल्या बाईला आधी विचारा. माझा हेवा अजून गेलेला नाही. पण मी सांगितलेला एकेक आकडा बारा वर्षांनंतरही जपून ठेवणारा, या जगात तो एकटाच निघाला.