सुनेच्या नोकरीचं गाव

लातूरच्या बसमध्ये बसल्या बसल्याच मी हणमंताला बजावलं, की तिथं गेल्यावर 'तुम्ही म्हणाल तसं' एवढं सोडून काहीही बोल. हणमंत माझा मुलगा, शिल्पाचा बाप. मुखेडला शेती करतो. शेतात त्याचा आवाज चार बांध ओलांडून जातो, पण मुलीच्या सासरचं दार दिसलं की त्याची मान आपोआप हलायला लागते. "हाव माय," म्हणाला आणि शिरूर ताजबंद यायच्या आत घोरायला लागला.

शिल्पाच्या सासरच्यांनी आम्हाला एका निर्णयासाठी बोलावलं होतं. शिल्पा नर्स आहे. नांदेडला शिकली. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात तिनं तिथंच काही वर्षं काढली आणि लग्नानंतर लातुरातही तेच काम धरलं. कॅनडात कायमचं राहायची परवानगी तिला मिळाली ती ह्याच कामावर. नवरा शिवशंकर तिच्यासोबत जाणार होता. प्रश्न एवढाच होता, की उतरायचं कुठं.

तिकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यानं तिला पेट्यांच्या वॉर्डातच नोकरी देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत होकार मागितला होता. गावाचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला 'बर्फाचं गाव' म्हणत. दुसरीकडे टोरांटोजवळ तिच्या चुलतदिराचं, बसवंतचं, घर होतं. घराखाली एक खोली रिकामी होती आणि आसपास आपली माणसं होती. पण तिकडं प्रांताप्रांताला नर्सची परवानगी वेगळी लागते; बर्फाच्या गावाकडची तिला मिळाली होती, टोरांटोकडची अजून आली नव्हती. कागद तपासणीत पडले होते आणि कधी सुटतील ते कुणी सांगत नव्हतं.

मला वाटलं होतं, यात ठरवायचं काय आहे? चहा होईल, होकार जाईल आणि आम्ही दुपारच्या बसनं परत निघू.

शिल्पाचे सासरे संगमेश्वर सोयाबीन-तुरीचे अडत्ये. त्यांच्यापुढं कुठल्याही गावाचं नाव काढा, ते आधी आवक विचारतात.

"माय, लोकसंख्या बघा," ते मला म्हणाले. "त्या बर्फाच्या गावात आपल्या औशाएवढी बी माणसं न्हाईत. तिथं पेशंट कुठून येणार?"

"अप्पा, लांबलांबच्या गावांतून बाळं तिथंच आणतात," शिल्पा म्हणाली. "म्हणून तर त्यांना माणूस पाहिजे."

"अन् टोरांटोत दवाखाने किती?"

"लई हायेत."

"बघा. म्हणजे काम नुसतं पडलेलं असंल."

"पण तिथं मला काम करायची परवानगी न्हाई अप्पा."

"मिळंल की आज ना उद्या. तवर बसवंतच्या ओळखीनं काहीतरी बघायचं. गोदामात सामान भरायचं, दुकानात उभं राहायचं. सुरुवातीला काय लाज?"

हणमंतानं मान हलवली. "तुमचं म्हणणं रास्त हाय ईवाई."

बसमध्ये मी सांगितलेले शब्द त्यानं टाळले होते. आज्ञाधारक पोर आहे.

सासूबाई शिवगंगाबाईंना वेगळीच काळजी होती. "बर्फात पूजेला बेल कुठून आणणार गं?"

"आई, बसवंत भाऊजी बी इथूनच वाळवून नेतात की."

"पण नेतात ना. न्यायला-आणायला आपलं माणूस हाय ना तिथं."

असं चार वाजेपर्यंत चाललं, दुपारची बसही निघून गेली. मुलीकडच्या माणसानं मुलीच्या सासरी तोंड मिटून बसावं अशी आमच्याकडं रीत आहे. मी ती आयुष्यभर पाळली आणि बऱ्याच वेळा तिचा पश्चात्ताप केला. समोर भिंतीवर संगमेश्वरांच्या वडिलांचा, गुरुपादप्पांचा, फोटो होता. त्यांची गोष्ट मी या घरात साखरपुड्याला, लग्नाला आणि एकदा कारण नसताना ऐकली होती.

शेवटी मी विचारलं, "ईवाई, तुमचे वडील निलंग्याकडून लातुरात आले, तवा इथं त्यांचं कोण होतं?"

संगमेश्वर सरळ होऊन बसले. "कुणी न्हाई माय. पोत्यांवर झोपून दिवस काढले त्यांनी. भाऊबंद सगळे तिकडंच होते. पण बाजार इथं होता ना."

"मग?"

"मग काय?"

"पोरीचा बाजार त्या बर्फात हाय."

त्यांची नजर फोटोकडं गेली. मला वाटलं, उतरलं डोक्यात. मग ते हसले. "ते येगळं हो माय. ते बाप्या माणूस होते. अन् तो धंदा होता, ही नोकरी हाय."

शिवगंगाबाईंनी माझ्या पुढ्यात ताकाचा पेला ठेवला. "घ्या माय, उन्हाचं लई बोलू नये."

तेवढ्यात बसवंतच्या घरून फोन आला. त्यांच्याकडं सकाळ होती. बसवंत कामावर निघून गेला होता. त्याची बायको अंजू पडद्यावर हसत होती, कडेवर बाळ होतं. तिनं खालची खोली फिरवून दाखवली. पलंग, कपाट, वरच्या बाजूला टीचभर खिडकी. खोली नीटनेटकी होती. नावं ठेवायला जागा नव्हती.

"शिल्पा आली की लई बरं होईल काकू," अंजू म्हणाली. "इथं बाळाला ठेवायचं कुठं, मोठा प्रश्नच हाय. घरात नर्सच असली म्हणजे मला घोर न्हाई. मी निवांत कामावर जाईन."

बाळानं फोनला हात मारला, पडदा हलला, आणि अंजू 'नंतर बोलते' म्हणून गेली.

संगमेश्वरांचा चेहरा खुलला. "ऐकलं का सूनबाई? काम बी घरातच मिळालं. अन् बाळाचंच."

मला राग आला तो यामुळे, की त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच आनंद झाला होता. कपटी माणसाशी भांडता तरी येतं.

शिल्पानं रिकामे पेले ताटात गोळा केले आणि मागच्या मोरीकडं गेली. मीही उठले. तिथं शिवशंकर भिंतीला टेकून फोनकडं बघत उभा होता. सकाळपासून तो घरातच होता, पण त्यानं एक शब्द काढला नव्हता.

"जावईबापू, तुम्ही काहीच बोलून न्हाई राहिले," मी म्हणाले.

"काय बोलू आजी? टोरांटोत निदान बसवंतच्या दोस्ताचं किराणा दुकान हाय, तिथं बसता येईल. दुकानदारी मला येते. बर्फात मी काय करू? हिची पिशवी धरून दवाखान्याबाहेर उभा राहू? लोक इचारतील, तुम्ही काय करता?"

"लातुरात हिची ओळख कशी करून देता? अडतवाल्यांची सून. तिनं कधी तोंड वाकडं केलं?"

त्यानं फोन खिशात घातला. शिल्पा पेले विसळत होती. न वळताच ती बोलली.

"मला पिशवी धरायला कुणी नको. पण मी बसवंत भाऊजींकडं उतरणार न्हाई. त्या बाळांचं मनगट माझ्या करंगळीएवढं असतं. त्यात सुई घालायची असती. वर्ष-दोन वर्षं हात लांब राहिला की हात विसरतो. मग परवानगी येऊन काय करायची? मी पुढं एकटी जाते. तुमचं ठरलं की तुम्ही या."

पेले पालथे घालून, हात पुसून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सासऱ्यांना तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. एकटी जाते, एवढं मात्र दोनदा म्हणाली.

संगमेश्वरांनी आधी हणमंताकडं बघितलं. हणमंतानं पहिल्यांदाच मान हलवली नाही, कारण कुठल्या बाजूनं हलवावी ते त्याला कळेना.

"एकटी?" संगमेश्वर म्हणाले. "नवरा इथं अन् सून तिकडं? गंजगोलाईच्या बाजारात मला लोक काय म्हणतील? अडतवाल्यानं सुनेला कमवायला धाडलं अन् पोराला घरी ठेवलं? न्हाई न्हाई. शिवशंकर संगं जाईल."

"कुठं?" मी विचारलं.

मी अगदीच अडाणी आहे अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ही जिथं नोकरी करंल तिथंच की माय. नवरा-बायको कुठं येगळे राहतेत का?"

सकाळपासून हातांचं, परवानगीचं, बाळांचं सांगून पोरीचा घसा कोरडा पडला होता. त्यातलं काहीच कामी आलं नाही. गंजगोलाईतली माणसं कामी आली. मला हसावं की कपाळ बडवावं ते सुचेना. आणि जरा वेळानं तर ते मत त्यांचं स्वतःचंच झालं. उदगीरच्या बहिणीला फोन लावून सांगत होते, "आम्ही लई चौकशी केली. मोठं शहर काय करायचं? सूनबाईच्या लाईनला तेच गाव बरं."

"मी हेच म्हणत होतो ईवाई," हणमंत म्हणाला.

पोरीच्या सासरचं घर होतं म्हणून माझ्या हातून वाचला.

शिल्पा खिडकीजवळ फोनवर होकार लिहीत होती. लिहून झालं तरी ती पुन्हा पुन्हा वाचून बघत होती. शिवशंकर मागून आला.

"कळवलंस?"

"हाव. आत्ताच धाडलं."

तो थोडा वेळ तिथंच घुटमळला. "तिथं बस-बिस न्हाई म्हणतेत."

"न्हाई. अन् मला रात्रपाळी बी असणार."

"मग मला बर्फात गाडी चालवाया शिकावं लागंल," तो म्हणाला. चेहरा अजून फुगलेलाच होता. "तुला सोडाया-आणाया."

शिल्पानं फोन बाजूला ठेवला. दिवसभरात त्यानं तिथं जायचं धरून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि मी तोंड घातलं असतं तर तेही मोडलं असतं.

बाहेरून संगमेश्वरांची हाक आली. "सूनबाई, त्या दवाखानेवाल्यांना इचार बरं, तिकडं तुरीची डाळ खातेत का."