बिनमिठाचा भात

तिसऱ्या पोत्यापाशीच निरीक्षकबाईंची खात्री पटली. पोत्याचा कोपरा कुरतडलेला, खाली ताज्या लेंड्या आणि भिंतीलगतच्या पाइपावर अंग घासून घासून पडलेली तेलकट काळी रेघ. बंदराच्या आरोग्य खात्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. अशी रेघ दिसली की उंदीर एक-दोन नसतात, कुटुंबकबिल्यासकट असतात.

"धुरी द्यावी लागेल," त्या कप्तानाला म्हणाल्या.

"मॅडम, उद्या दुपारच्या भरतीला निघायचंय. पुढच्या बंदरात दिली तर नाही चालणार?"

"तोपर्यंत अर्धे उंदीर आमच्या धक्क्यावर उतरतील. धुरी झाल्याशिवाय निघायचा दाखला मिळणार नाही."

कप्तानाने कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. माणूस कागदपत्रांत चोख होता. खलाशी अठरा, आजारी कोणी नाही, असं त्याने सकाळीच लिहून दिलं होतं. मागच्या बंदरात इंजिनात तेल घालणाऱ्या एकाला ताप आला, म्हणून त्याला तिथेच उतरवलं, हेही लिहिलं होतं. बाईंनी अठराही जणांचा ताप स्वतः मोजला होता. आचाऱ्याला बाजारात जायची घाई होती, म्हणून त्याचा सगळ्यात आधी.

बाहेर पडताना त्या स्वयंपाकघरात डोकावल्या. एक खलाशी बटाटे सोलत बसला होता. मागच्या शेगडीवर एक छोटं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. बाईंनी झाकण उचललं. पातळ, आसट भात. चमच्याच्या टोकाने चाखला, तर मीठही नाही.

"हा कोणासाठी?"

"आचारीदादांसाठी. पोट बिघडलंय म्हणे तीन-चार दिवस. आमच्यासाठी मात्र तिखटजाळ करतात."

पोट बिघडलेला माणूस बाजाराला कशाला पळाला, असं बाईंच्या मनात आलं खरं. पण खालून धुरीवाल्या मुकादमाने हाक मारली आणि ते तिथेच राहिलं.

मुकादमाला सगळे काका म्हणत. साठीला आलेला, एक गुडघा कायम बांधलेला. दुपारभर त्याच्या माणसांनी दारांच्या फटींवर, हवेच्या झरोक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खलाशी धक्क्यावर खोक्यांवर येऊन बसले. बाईंनी यादी घेऊन मोजले. सतरा. अठरावा आचारी, तो बाहेर गेल्याची नोंद फाटकावरच्या वहीत होती. हिशोब जुळला. शिडीच्या तोंडाशी लाल पाटी लागली आणि चार वाजता काकांनी मागच्या कोठारात पहिलं नळकांडं उघडलं. पुढची दोन अजून बाकी होती.

तेवढ्यात आचारी आला. पन्नाशीचा, जाडसर, काखेत कापडी पिशवी. पाटीकडे बघून तो थबकला.

"हे काय? सगळे खाली का?"

"उंदरांना धुरी देतायत," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत कोणालाही आत जाता येणार नाही."

"मला दोन मिनिटं सोडा. एक वस्तू राहिलीय."

"आत विषारी वायू आहे हो. वस्तू कुठे पळत नाही. तुमचं पोट कसंय आता?"

"पोटाला काय धाड भरलीय?" आचारी सवयीने बोलून गेला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी त्याच्या हातातली पिशवी ओढली. आत तापाच्या गोळ्या होत्या आणि पाण्यात मिसळायच्या ग्लुकोजची पुडकी.

"आत कोण आहे?"

आचाऱ्याने शिडीकडे बोट केलं. "जावई माझा. बाई, माझा जावई आहे आत."

"काका, थांबवा!" बाई ओरडल्या. "दुसरं उघडू नका! माणूस आहे आत!"

कप्तान धावत आला. "कोण, तो तेलवाला? त्याला तर मागच्या बंदरात उतरवलं होतं!"

"उतरवला होता, साहेब. रात्री पोत्यांच्या आडून परत चढवला." आचारी लहान मुलासारखा रडत होता. "परक्या मुलखात, भाषा येत नाही, अंगात ताप. टाकून आलो असतो तर पोरीला काय तोंड दाखवलं असतं? कोणाला सांगितलं नाही मी. रोज गपचूप भात नेऊन देत होतो."

"कुठे आहे तो?" काकांनी विचारलं.

"नांगराच्या साखळीच्या कोठीत. अगदी पुढे. मीच जातो!"

"तुम्ही वायूचा मुखवटा कधी घातलाय? नाही ना? मग बसा गप. एकाच्या जागी दोन मढी नकोत मला." काका बाईंकडे वळले. "माझ्याजवळ मुखवटे तीनच उरलेत. तिसऱ्याचा पट्टा तुटलाय. माझी दोन्ही पोरं मागचं दार उघडून हवा सोडतायत, त्यांच्याकडचे काढता येणार नाहीत."

बाईंनी दर वर्षी मुखवट्याचा सराव केला होता. दर वर्षी मोकळ्या मैदानात. त्यांनी पदर खोचला, एक मुखवटा चढवला आणि तुटक्या पट्ट्याचा हातात घेतला.

आत काळोख. आपलाच श्वास कानात घुमत होता. त्या वायूला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात डोळे झोंबवणारं औषध मिसळतात. कोठारं आणि पुढचा भाग यांच्यामध्ये लोखंडी दार होतं. ते बंद होतं, पण कितपत घट्ट, हे कोणालाच माहीत नव्हतं. काका पुढे, लंगडत, बाई मागे. अरुंद जिना, मग रंगाच्या डब्यांची खोली, मग जमिनीतलं गोल झाकण. काकांनी ते उचललं.

खाली साखळीच्या ओल्या वेटोळ्यांवर फळी टाकलेली होती आणि फळीवर गोधडीत गुंडाळलेला माणूस. बाईंनी बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर धरला. त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी गळत होतं. तापाचं, की वायूचं? मुखवट्याच्या आत त्यांना काहीच कळणार नव्हतं.

"उठा!" त्या ओरडल्या. आवाज मुखवट्यातच राहिला.

काका खाली उतरले. गुडघ्याने दगा दिला आणि ते साखळीवर आपटले, पण त्यांनी माणसाला काखेत धरून वर ढकललं. बाईंनी वरून खेचला. तिसरा मुखवटा त्याच्या तोंडावर दाबला आणि तो तसाच तळहाताने धरून, काका मागून रेटत असताना, त्या जिना चढू लागल्या. सांदीकोपऱ्यांतून परततानाचं अंतर येतानापेक्षा दुप्पट वाटलं. बोटांत पेटके आले. मध्येच त्या माणसाने मान झटकली, मुखवटा सरकला, त्यांनी पुन्हा दाबला. मेलेला माणूस मान झटकत नसतो, एवढाच त्यांना धीर.

धक्क्यावर आल्यावर जावई आधी खोकला आणि मग ओकला. आचारी पुढे धावला. बाईंनी आडवा हात घातला.

"लांब! त्याला काय झालंय, माहीत नाही अजून. इतके दिवस तुम्ही त्याच्याजवळ होतात. तुम्हालाही वेगळं राहावं लागेल."

जहाजावर साथीच्या संशयाचा पिवळा झेंडा चढला. भरती आली आणि गेली. अठराही खलाशी दोन रात्री बंदराच्या विलगीकरण कक्षात राहिले. मग रक्ताचा अहवाल आला: हिवताप. डास चावल्याशिवाय एकाचा दुसऱ्याला न होणारा. मागच्या बंदरातल्या दवाखान्यात आठवड्याभरात बरा झाला असता.

"म्हणजे लपवायची गरजच नव्हती," आचारी काचेपलीकडून म्हणाला.

"नव्हती," बाई म्हणाल्या. यापेक्षा कठोर बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण जमलं नाही.

आपल्या अहवालात त्यांनी एक वाक्य लिहिलं: संशयास्पद जेवण पाहिलं होतं, मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला, चौकशी केली नाही. खात्यातल्या साहेबांनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली.

"हे कशाला? कोणी विचारलंय का? आपल्याच पायावर धोंडा!"

"राहू द्या, साहेब. खरं आहे ते."

पंधरा दिवसांनी त्यांना ठपक्याचं पत्र मिळालं. काकांना गुडघ्यासाठी रजा मिळाली. आचाऱ्याची नोकरी गेली. कप्तानाने त्याला ते स्वतः येऊन सांगितलं, आणि त्याच्या घरी जायच्या तिकिटाची सोयही स्वतःच केली.

त्याआधीच, जावयाचा ताप उतरला त्या संध्याकाळी, बाईंनी आचाऱ्याला कक्षातल्या फोनवरून मुलीला सगळं सांगायला लावलं. तो दहा मिनिटं नुसता "हो गं, हो गं" करत होता. पलीकडची मुलगी रडत होती की ओरडत होती, ते बाईंना कळेना. शेवटी त्याने फोन जावयाकडे दिला आणि दाराबाहेर येऊन भिंतीला टेकला.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला जिवंत आणा. मग तुमच्याशी बोलायचं की नाही, ते बघू." त्याने बाहीने नाक पुसलं. "आईवर गेलीय."