किलवणीच्या पत्रांची फाइल

आमच्या कचेरीतला जयवंत १९८९च्या मार्चमध्ये आपलं ठरलेलं लग्न स्वतःच मोडायला निघाला होता. कारण एवढंच, की होणारी बायको रोशनी ते मोडेल अशी त्याला भीती वाटत होती. मी तिथे टायपिस्ट होते, म्हणून हे सगळं मला उघड्या डोळ्यांनी बघावं लागलं.

रोशनी किलवणीच्या शाळेत शिक्षिका. आमच्या सिल्वासाहून किलवणी सायकलने पाऊण तासावर. पण साखरपुडा झाल्यापासून हा गृहस्थ तिला पत्रं लिहायचा, आणि टपाल पोचायला चार दिवस लागायचे. समोर गेलं आणि तिचा चेहरा पडलेला दिसला तर? पत्राला चेहरा नसतो. उत्तर येईपर्यंत तो टपालाची पिशवी दिवसातून तीनदा उपसायचा, आणि उत्तर आलं की खरी काळजी सुरू व्हायची.

त्या आठवड्यात आलं ते असं: 'पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक. वैशाखातल्या तारखेचं नंतर बघू. रोशनी.'

झालं! सरकारी माणसाला 'नंतर बघू'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्ही स्वतः रोज वीस जणांना तेच सांगून घरी पाठवत होतो.

जयवंतला लिहून काढल्याशिवाय विचार करता येत नसे. सहा वर्षं कारकुनी केली की माणसाचं असं होतं. त्याने कोरी फाइल घेतली, उजवीकडे रोशनीची अकरा पत्रं तारखेप्रमाणे लावली, डावीकडे परिच्छेदांना आकडे घालून टिप्पणी लिहिली, आणि फाइल अभिप्रायासाठी फिरवली. हेडक्लार्क विश्वनाथरावांची बायको नऊ वर्षं मालवणात आणि ते इथे, तरी या विषयातले ते जाणकार. त्यांनी लिहिलं, 'जानेवारीत "तुमची रोशनी", मार्चात नुसती "रोशनी". बदल लक्षणीय.' दुसरा कारकून भास्कर, त्याचं तर लग्नच व्हायचं होतं. तो लिहितो, 'पत्रे उत्तरोत्तर आखूड. इच्छा नसल्याचे उघड. तिने नकार कळवण्याआधी आपणच मोकळे करावे, म्हणजे मान राहील.'

फाइल माझ्या टेबलाला वळसा घालून गेली. कुणी न विचारताच मी म्हणाले, "अहो जयवंतराव, शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. जा आणि विचारा तिला."

"बाई, इतकं सोपं नसतं ते," विश्वनाथराव म्हणाले. बाई पंधरा वर्षं एकाच माणसाशी संसार करतेय, हे बहुधा त्यांच्या ध्यानात नसावं.

मग रोशनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे टाइप करायला आला. 'आपणांस सदर बंधनातून मुक्त करण्यात येत आहे.' मी रिबन फाटल्याचं सांगून तो ड्रॉवरमध्ये कोंबला. राग आला होता, आणि त्याहून जास्त त्याची कीव येत होती. शेवटच्या ओळीत त्याचं अक्षर पार वेडंवाकडं झालं होतं.

त्याच दुपारी आमच्या झुंबर शिपायाने सह्यांच्या बाडाबरोबर ही फाइलही साहेबांकडे नेली. ती परत आली तेव्हा जयवंत पांढराफटक पडला.

"काय केलंत हे, झुंबरभाऊ!"

"तयार दिसली, नेली. साहेबांनी सही बी मारली ना. काम फतेह!"

साहेब उत्तरेकडचे, मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. न कळलेल्या फाइलीवर अधिकारी जे लिहितात तेच त्यांनी हिरव्या शाईत लिहिलं होतं: 'प्लीज डिस्कस.'

आता गंमत बघा. मी दोन दिवस कानीकपाळी ओरडत होते तेच साहेबांच्या शाईत उमटल्यावर वेदवाक्य झालं. विश्वनाथराव चष्मा सावरत म्हणाले, "शेरा पडलाय. आता चर्चेशिवाय हे पत्र जावक करता येणार नाही."

"पण चर्चा साहेबांशी करायची ना?" भास्करने विचारलं.

"साहेबांशी?" जयवंत किंचाळलाच. त्यापेक्षा त्याला किलवणी परवडली.

शनिवारी तो गेला. तिथे काय झालं ते त्यानेच मला सोमवारी सांगितलं. शाळा सुटली होती, रोशनी फळा पुसत होती. सायकलीवर पाठ केलेलं सगळं हा विसरला आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "मला फार भीती वाटते. तुला मी नको झालोय का?"

तिने डस्टर खाली ठेवलं. "पत्रं मी मुद्दामच आखूड लिहिते. फेब्रुवारीत लिहिलं, ऊन फार, जीव कंटाळतो. तुम्ही चार पानं पाठवलीत, कंटाळा माझा आलाय का म्हणून. मैत्रीण पालघरला गेली असं लिहिलं, तर विचारलंत, तुलाही जायचंय का? आता लिहायला बसले की शब्दाशब्दाला भिते. ज्यातून काहीच अर्थ निघणार नाही तेवढंच लिहिते."

"आणि वैशाख?"

"सिल्वासाला बदलीचा अर्ज केलाय. त्याचं कळेपर्यंत खोली कुठे बघायची ते ठरत नाही, म्हणून नंतर." मग ती म्हणाली, "भीती मलाही वाटते. इतक्या घाबरट माणसाबरोबर जन्म कसा काढायचा, याची. लग्न नको असं अजून वाटलेलं नाही. पण आणखी चार अशी पत्रं आली असती, तर वाटलं असतं."

हे सांगताना जयवंतचे डोळे भरून आले. त्याच्या भीतीने तिची पत्रं आखूड झाली होती, आणि आखूड पत्रं बघून त्याची भीती वाढली होती. आमच्या कचेरीतल्या एकाही विद्वानाला हे सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं! मी मसुदा काढून दिला, त्याने तो तिथेच फाडला.

लग्न ज्येष्ठात झालं. जयवंतची भीती काही गेली नाही, फक्त तो आता ती लिहून काढत नाही, विचारतो. चार वर्षांनी एकदा दोघं माझ्याकडे जेवायला आले होते. रोशनी बराच वेळ गप्प होती. जयवंतने हातातला घास तसाच धरून विचारलं, "रागावलीस का माझ्यावर?"

"हो," ती म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे आणखी भात मागितला.