दुसऱ्याचं उष्टं

चांगुणाबाईंच्या घरात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. जेवण झालं की आपलं ताट आपण उचलायचं, आणि दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायचा नाही. नियम मूळचा त्यांच्या सासूचा, गोजराबाईंचा. कोकणातल्या त्यांच्या गावात घरोघरच्या उरल्यासुरल्या भाकरी टोपलीत मागून आणायच्या, ही त्यांच्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली रीत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी कोवळ्या वयाच्या गोजराबाईंनी ती टोपली चारचौघांदेखत चुलीत घातली. पुढे सून घरात आली तेव्हा दागिन्यांऐवजी हा नियम तिच्या पदरात पडला.

सून शहरात आली, नवरा गेला, कडेवर चार वर्षांची अस्मिता. कोपरखैरण्यातल्या शेजारणींनी सुचवलं, चार घरची धुणीभांडी धर. चांगुणाबाई म्हणाल्या, "धुनी करीन, भांडी नाय." असली अर्धी कामवाली कोण ठेवतं? मग त्या वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला बसल्या, त्याला आता बावीस वर्षं झाली. सडका बाजूला, मऊ बाजूला, बारीक वेगळा, मोठा वेगळा. हातांना कांद्याचा वास कायमचा चिकटला. "कांद्याचाच हाय, उष्ट्याचा नाय," असं त्या वर ठसक्यात सांगायच्या.

एकाच उष्ट्याला सूट होती. लहानपणी अस्मिता ताटात भात टाकून उठायची, तो चांगुणाबाई मुकाट्याने खायच्या. शेजारणीने टोकलं तर म्हणायच्या, "लेकीचं उष्टं काय दुसऱ्याचं असतंय?"

ही अस्मिता आता महापेच्या एका कंपनीत होती आणि शुक्रवारीच टीम लीड झाली होती. रविवारी दुपारी ती आईला घेऊन वाशीच्या नव्या फूड हॉलमध्ये आली. एका छताखाली चाळीसेक दुकानं. इकडे मोमो, तिकडे मालवणी थाळी, पलीकडे पिझ्झा आणि मध्येच एक साबणाचं दुकान. जेवायच्या जागी सुगंधी साबण कशाला, हे अशा ठिकाणी विचारायचं नसतं.

ऑर्डर दिल्यावर त्यांना एक काळी चकती मिळाली. खाणं तयार झालं की ती थरथरते. ती नेमकी चांगुणाबाईंच्या हातात थरथरली आणि त्यांनी ती टेबलावर टाकलीच. "अगं बया! जिती हाय की काय ही?"

अस्मिता खळखळून हसली. मग तिने आजूबाजूला पाहिलं, आणखी कुणी हसतंय का. ही सवय तिला नोकरी लागल्यापासून जडली होती, आणि ती चांगली नव्हती.

त्याआधी एका चकचकीत दुकानातही तसंच झालं होतं. जाळीच्या पिशवीत सहा कांदे मांडले होते. चांगुणाबाईंनी पिशवी नुसती दाबली आणि निकाल दिला, "ह्यात एक मऊ हाय. कोनी निवडलाय हा माल?"

"आई, हळू बोल ना," अस्मिता म्हणाली.

तिच्या मनात एक काटा सलत होता. ऑफिसात तिच्या वरिष्ठ राजेश्वरी मॅडमनी एकदा विचारलं होतं, आई काय करते? "एपीएमसी मार्केटात कांद्याचं काम आहे," अस्मिता म्हणाली. खरंच होतं ते. "अरे वा, होलसेलचा बिझनेस!" मॅडम म्हणाल्या, आणि अस्मिताने मान हलवली. एवढंच. तोंडाने ती खोटं बोलली नव्हती, मानेने बोलली होती. त्यानंतर मॅडम अधूनमधून म्हणायच्या, तुझ्या आईंना भेटायचंय गं एकदा, एकटीने बिझनेस सांभाळायचा म्हणजे खायचं काम नाही.

डोसा झाला, पिझ्झा झाला. चांगुणाबाईंनी पिझ्झ्यावरचा कांदा आधी वेगळा काढून पारखला, मग खाल्ला. अस्मिता कुल्फी आणायला उठली. इथे ट्रे टेबलावरच सोडायचे असतात, उचलायला माणसं असतात, हे आईला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि चांगुणाबाईंना आपलं उष्टं मागे टाकून बसवेना. त्यांनी दोन्ही ट्रे एकावर एक ठेवले आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या.

डब्याजवळच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं. "मावशी, हेही घेऊन जा ना, प्लीज," बाई म्हणाल्या. आवाज गोड होता. सफाईच्या बायकांचे गणवेश निळे होते आणि चांगुणाबाईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. पण गणवेश कोण बघतं? हातात ट्रे आणि अंगात साधेपणा दिसला की भागतं.

चांगुणाबाई थांबल्या. "मी हितली नाय," एवढं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच त्या बाई त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत ओरडल्या, "अगं अस्मिता! तू इथे? कोणाबरोबर आलीयस?"

राजेश्वरी मॅडम आणि त्यांचे यजमान. अस्मिता दोन हातांत दोन कुल्फ्या घेऊन जागीच उभी राहिली.

चांगुणाबाईंचा चेहरा उजळला. लेक आता ओळख करून देणार. पदर सारखा करायला त्यांचा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी नुसतीच मान ताठ केली आणि हसल्या.

"मैत्रीण येतेय, मॅडम," अस्मिता म्हणाली. "तिचीच वाट बघतेय."

चांगुणाबाईंचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं. मग जन्मात केलं नव्हतं ते केलं. मॅडमच्या पुढ्यातली प्लेट उचलली, त्यातले अर्धवट खाल्लेले नूडल्स सांडू नयेत म्हणून आपल्या ट्रेवर नीट ठेवली, यजमानांची प्लेट त्यावर ठेवली आणि चालू लागल्या.

"थँक यू हं, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि अस्मिताकडे वळल्या. "प्रमोशनची बातमी ऐकून आई खूश झाल्या असतील. नमस्कार सांग त्यांना माझा."

"हो, मॅडम."

आई पाच पावलांवर होती. दोन्ही कुल्फ्या वितळून अस्मिताच्या मनगटांवरून खाली ओघळत होत्या.

मॅडम जाईपर्यंत ती हलली नाही. मग धावत सुटली. चांगुणाबाई बेसिनपाशी होत्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होत्या. धुऊन झाले की पुन्हा साबण घेत होत्या.

"आई, त्या माझ्या मॅडम…"

"कळलं मला. चल."

आजवर अस्मिताला लाज वाटायची ती आईच्या मोठ्या आवाजाची, कांद्याच्या वासाची. आज पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ही लाज 'हळू बोल' म्हटल्यावर गप्प बसणारी नव्हती. ती रिक्षात तिच्या शेजारी बसून घरापर्यंत आली.

संध्याकाळी चांगुणाबाईंनी रोजच्यासारख्या तांदळाच्या भाकरी थापल्या, सुकट केली. जेवल्या मात्र नावाला. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. अस्मिताने ताटाला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," चांगुणाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं उष्टं आपल्यात उचलत नाय."

"तू काय दुसरी आहेस का, आई?"

"दुपारी व्हते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अस्मिताला बरं वाटलं असतं. ती तिथेच फरशीवर बसली, आईच्या ताटातली भाकरी तोडली आणि खाऊ लागली. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, तरी खात राहिली. चांगुणाबाई बघत होत्या. भाकरी संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं,

"उद्या तुझ्या मॅडमला सांगशील, ती मावशी कोन व्हती ते?"

'सांगेन' हा शब्द लगेच यायला हवा होता. घास तोंडात फिरत राहिला आणि शब्द काही आला नाही. चांगुणाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि आपलं ताट स्वतः उचलून मोरीकडे गेल्या.